तिसरी सही

"पंच क्रमांक दोन," सर म्हणाले आणि त्यांनी कागद वर धरला. "ही सही बघा. सही आहे की रांगोळी?"

वर्ग हसला.

सकाळचे साडेसात वाजले होते. लॉ कॉलेजचं दुसरं वर्ष, फौजदारी प्रक्रियेचा तास. कॉलेजचं नाव मी सांगत नाही. ते एका कॉलेजचं दुखणं नाही. सर फौजदारी कोर्टातले चलतीचे वकील होते. काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टांगून शिकवायचे आणि तास संपला की तोच कोट चढवून कोर्टात जायचे. त्या दिवशी त्यांनी त्यांच्या एका चालू केसचे कागद आणले होते. पंचनामे कसे फाडायचे, ते शिकवायला.

पोलीस झडती घेतात, माल जप्त करतात, तेव्हा दोन माणसं समोर असावी लागतात. ते पंच. काय सापडलं, कुठे सापडलं, ते त्यांच्या डोळ्यांदेखत लिहायचं आणि खाली त्यांच्या सह्या घ्यायच्या. कायदा म्हणतो, हे पंच त्या वस्तीतले निःपक्षपाती आणि प्रतिष्ठित रहिवासी पाहिजेत. कलम शंभर. मी ते पाठ केलेलं होतं.

"तीन वेगळे गुन्हे," सर म्हणाले. "तीन वेगळ्या तारखा. पंच मात्र हाच. याला म्हणतात धंदेवाईक पंच. एक कटिंग चहा पाजा, सही घ्या. उद्या स्वतःच्या भावाच्या फाशीच्या कागदावरसुद्धा करेल." मग त्यांनी पत्ता वाचला. नाहूर, रेल्वेलाइनच्या पलीकडची झोपडपट्टी. "झोपडपट्टीतला प्रतिष्ठित!" ते म्हणाले. पुन्हा हशा. मग नाव वाचलं. पूर्ण नाव. आडनावाशी जरा थांबले. "आडनावावरून कळलंच असेल."

ते माझ्या बापाचं नाव होतं.

आमच्या वर्गात हजेरी नंबरानं व्हायची. त्यामुळे माझं आडनाव कुणाच्या ध्यानात नव्हतं, सरांच्याही नाही. सर कागद घेऊन बाकांमधून फिरत होते. माझ्यापाशी आले. "आणि हे बघा, खाली रेघ मारून दोन टिंबं. साहेबाची ऐट!"

ती रेघ आणि ती दोन टिंबं मी शिकवलेली. मी सहावीत होते तेव्हा आबांना पाटीवर सही गिरवायला लावली होती. आमच्या वर्गशिक्षकांच्या सहीखाली रेघ आणि दोन टिंबं असायची. मला वाटायचं, त्याशिवाय सही पुरी होत नाही. आबांनी महिनाभर गिरवली. अक्षरं मोठी यायची, शेवटचं अक्षर जागा न उरल्यामुळे खाली घसरायचं. आता त्या कागदावरही ते तसंच घसरलं होतं.

बाजूला बसलेली मुलुंडची मुलगी मला ढोसून म्हणाली, "वाट लागणार ना त्या बिचाऱ्याची कोर्टात!" आणि मी हसले. हे मला लिहायलाच हवं. सगळा वर्ग हसत होता आणि मीही हसले. तोंड मिटून बसले असते तरी चाललं असतं, कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. तरी हसले. आज इतक्या वर्षांनी सरांच्या बोलण्यापेक्षा माझं ते हसणंच जास्त डाचतं.

सर पुढे वाचत होते. आरोपीच्या घराच्या मागच्या बाजूस मातीत पुरलेले पितळी कॉक, नग बारा, पंचांसमक्ष उकरून काढले. तेव्हा माझं हसू गेलं. बारा पितळी कॉकची केस आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत होती. ती दत्ताराम काकांची होती.

दत्ताराम काका आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. मालवणकडचे. गिरणीत होते, संपात गिरणी गेली, मग भांडुपच्या एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागले. तिथून नळाला बसवायचे पितळी कॉक चोरीला गेले आणि पोलिसांनी काकांना उचललं. तीन आठवड्यांनी जामिनावर सुटले तेव्हा नोकरी गेली होती. केस उभी राहायची होती. काकी चार घरची धुणीभांडी करून घर ओढत होत्या. काकांनी वकील केला होता हे आम्हाला ठाऊक होतं. तो वकील म्हणजे आमचे सर, हे मला त्या तासाला कळलं.

दुपारी मी मुलुंडला टायपिंगच्या क्लासात शिकवायला जायची. त्या दिवशी गेले नाही. सरळ घरी आले आणि आबांची वाट बघत बसले.

आबा महापालिकेत चावीवाले होते. हातात लांब लोखंडी चावी घेऊन रस्त्यातल्या व्हॉल्व्हची झाकणं उचलायची आणि पाणी सोडायचं, बंद करायचं. इमारतींना सकाळी तीन तास. आमच्या वस्तीला अर्धा तास. त्यांना सगळा भाग ओळखायचा, पोलीसही. ते संध्याकाळी आले, चावी दाराआड उभी केली, आणि मी विचारलं, "आबा, तुम्ही पोलीस स्टेशनात सह्या करता?"

"व्हय की," ते म्हणाले. लपवायचं काही आहे, असं त्यांच्या तोंडावर नव्हतंच. "हवालदार बोलावत्यात कवामवा. सरकारचं काम असतंय."

"कागदात काय लिहिलंय ते वाचलंत?"

"त्यांचं अक्षर मला कुठलं लागतंय? आगं, कायद्यात लिवलंय म्हनं, वस्तीतला इज्जतदार मानूस लागतो. हवालदार म्हनले, तुमच्यावानी दुसरा कोन हाय हितं? मी गेलो की 'या, बसा' म्हणत्यात. खुर्ची देत्यात. फॅन लावत्यात."

हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. माझा बाप गावात कधी कुणासमोर खुर्चीवर बसला नाही. मुंबईत वीस वर्षं इमारतींना पाणी सोडलं, पण तिथल्या कुठल्या सोसायटीच्या ऑफिसात त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. जिन्याखाली उभं राहून ते तक्रारी ऐकायचे. आणि पोलीस ठाण्यासारख्या जागी, जिथे आमची माणसं फक्त मार खायला जायची, तिथे त्यांना खुर्ची मिळत होती. त्यांना खरंच वाटलं की सरकारने त्यांना इज्जतदार माणसांत धरलं. अशी चूक आमच्याच माणसांकडून होते. ज्याला जन्मभर बसायला खुर्ची मिळाली, तो खुर्चीला भुलत नाही.

मी म्हटलं, "दत्ताराम काकांच्या पंचनाम्यावर तुमची सही आहे."

आबांना आधी ते समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. कॉक कुठे पुरले होते, कसे उकरले, कुणाच्या समोर, सगळं जे ऐकलं होतं ते.

"त्येच्या घरामागं?" ते म्हणाले. "तिथं तर मोरी हाय. तिथं पुरायला माती कुठली? म्या तर गेलोच न्हाई. त्या दिशी चार कागद हुते. मी खुर्चीवर बसूनच सह्या केल्या."

आई चुलीपाशी बसली होती. तिने तोंड वर केलं. "म्हनून काकी चा घेत न्हाई आपल्यात," ती म्हणाली.

तेव्हा उलगडा झाला. सात-आठ महिन्यांपासून काकींनी आमच्या घरचं चहापाणी बंद केलं होतं. आम्हाला वाटलं, जात काढली. गावाकडचं कुणी येऊन कान भरून गेलं असेल, असं आईने धरलं होतं आणि तिनेही बोलणं तोडलं होतं. मी तशीच उठून शेजारी गेले. काकी भांडी घासत होत्या. मी विचारलं, त्यांनी हात थांबवला नाही.

"केसच्या कागदांची नकल गावली तेव्हाच बघितलंव तुझ्या बापाशीची सही," त्या म्हणाल्या. "आमी काय बोलतलंव गो? रोज त्याच नळार उभ्या ऱ्हवाचा. तुझो बापूस इतक्या वर्सांत आमच्या मागल्या दारी कधी इलो नाय. आनी कोर्टात सांगतलो, इल्लंय म्हनान."

काका आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी वळून बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात सरांनी उलटतपासणीचा सराव घ्यायचं ठरवलं. कोर्टाचा देखावा. एकाला मॅजिस्ट्रेट केलं, एकाला सरकारी वकील. बचाव पक्ष ते स्वतः. मग त्यांनी वर्गावर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केलं. "तू ये. तू पंच हो. तुला अभिनय करावा लागणार नाही."

का लागणार नाही, ते सगळ्यांना कळलं. मी कॉलेजात दोनच साड्या आलटून पालटून नेसायची.

मी जाऊन उभी राहिले. सरांनी प्रश्न चालू केले. काय नाव? राहता कुठे? शिक्षण किती? सही करण्यापुरतं! मग वर्गाकडे वळून, "आता बघा, याला कुठे पकडायचं." आणि मला, "किती कटिंग मिळाले या सहीचे?"

हशा झाला. आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, तो पंच माझा बाप आहे."

हसणं एकदम थांबलं नाही. मागच्या बाकावरचे एक-दोघं हसतच राहिले, त्यांना वाटलं मी नाटकातलंच बोलतेय. सरांना मात्र कळलं. त्यांनी चष्मा काढला.

"मला एकच विचारायचंय," मी म्हटलं. "त्या कागदावर तीन सह्या आहेत. दोन पंचांच्या. आणि खाली 'समक्ष' लिहिलंय, त्याच्याखाली तिसरी. ज्याने हे सगळं लिहिलं त्याची. तुम्ही माझ्या बापाचं नाव वाचलंत, पत्ता वाचलात, आडनाव वाचलंत. तिसरी सही वाचली नाहीत. ती वाचा."

"बस खाली."

"सर, ती वाचा."

"त्या अधिकाऱ्याशी मला रोज कोर्टात काम पडतं," सर म्हणाले. अगदी शांतपणे, जणू हेही शिकवण्यातलंच एक. "वकिली करायची असेल तर कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाचं नाही, हे आधी शिक. बस."

मी बसले नाही. तास संपेपर्यंत उभी राहिले. सरांनी दुसरा पंच घेऊन सराव पुरा केला. कुणी मला पुन्हा बस म्हटलं नाही, कुणी माझ्या बाजूने बोललंही नाही. माझ्या बाजूला बसणारी मुलगी दुसऱ्या दिवसापासून पुढच्या बाकावर गेली.

महिन्याभराने आबांना साक्षीचं समन्स आलं. ते घेऊन हवालदार स्वतः घरी आला. आईने त्याला पाट दिला. तो उंबऱ्यातच उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई सरकारी वकील होणार म्हणे. झकास! आपल्या वस्तीचं नाव काढणार. दाखला आमच्याकडूनच जातो ना, चारित्र्याचा. आम्ही लिहू ना चांगलं. फक्त आबांनी कोर्टात घोळ नको घालायला."

हे खरं होतं. मला सरकारी वकील व्हायचं होतं. कॉलेजला गेले ते त्याच एका नोकरीसाठी. आबा सगळ्या वस्तीला सांगत फिरायचे, माझी पोरगी सरकारकडनं उभी राहनार. आणि त्या नोकरीच्या अर्जावर याच पोलीस ठाण्याचा शेरा लागणार होता.

हवालदार गेला. मी मनाशी हिशेब केला, हेही लिहिते. आबा ठरलेलं बोलून आले तर? काकांवरची केस तशीही कमकुवत आहे, सर सोडवतीलच त्यांना. आबांनी खरं बोलून फरक काय पडणार? वर्गात 'ती वाचा' म्हणणारी मी घरात गप्प बसले होते. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. त्यांना जे समजायचं ते समजलं असणार.

कोर्टात मी शेवटच्या बाकावर बसले. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा त्यांचा हात आपोआप कठड्यावर गेला आणि शिपायाने तो खाली घ्यायला लावला. सरकारी वकिलाने कागद दाखवून विचारलं, "ही सही तुमची?"

"माझीच हाय."

"पंचनामा तुमच्या समक्ष झाला?"

आबांनी पिंजऱ्यातून काकांकडे बघितलं. मग म्हणाले, "न्हाई, साह्यब. मी तिथं गेलो न्हाई. त्येच्या घरामागं मोरी हाय, पुरायला माती न्हाई. मला ठाण्यात खुर्चीवर बसवलं आन् सही घेतली."

सरकारी वकिलाने साक्षीदार फितूर झाल्याचं सांगितलं. मग तो आबांवर तुटून पडला. आरोपी शेजारी आहे ना? दोस्त आहे ना? किती दिले त्याने? आबा प्रत्येक वेळी न्हाई म्हणत गेले.

मग सर उठले. खरं तर त्यांना उठायची गरज नव्हती. पंचाने खरं सांगितलं होतं, त्यांचं काम झालं होतं. तरी उठले. त्यांनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि बाकीचे दोन पंचनामे पुढे केले.

"याही सह्या तुमच्या?"

"व्हय."

"इथेही तुम्ही गेला नव्हता?"

"न्हाई."

"म्हणजे तुम्ही न बघता सह्या करता. अशा किती केल्यात?"

"लई केल्या, साह्यब."

"तुमच्या सहीने किती माणसं आत गेली, माहीत आहे?"

आबांनी कठड्याला पुन्हा हात लावला. या वेळी शिपाई काही बोलला नाही. "न्हाई म्हायती," ते म्हणाले. "आता रोज इचार करतो."

ते तासभर उभे होते. पुढच्या तारखेला तो अधिकारी आला, तिसऱ्या सहीवाला. मी त्या दिवशीही गेले होते. तो पिंजऱ्यात चढला तेव्हा कुणीतरी म्हणालं, साहेबांना खुर्ची द्या. शिपायाने धावत खुर्ची आणली. सर त्याच्याशी 'आपण' म्हणून बोलले. चार प्रश्न विचारले. 'आपल्याकडून नजरचुकीने झालं असेल,' असं स्वतःच त्याला सुचवलं. तो होय म्हणाला आणि घरी गेला.

दत्ताराम काका सुटले. नोकरी परत मिळाली नाही. निकालाच्या दिवशी काकी आमच्या दारात आल्या, आईने चहा ठेवला, त्या प्यायल्या. त्याच वर्षी ते घर विकून गावी गेले.

माझ्या नोकरीच्या अर्जावर शेरा आला नाही. नकारही आला नाही. पडताळणी प्रलंबित. दोन वर्षं तेच उत्तर. मग मी विचारायला जाणं सोडलं, वकिलीची सनद घेतली आणि त्याच कोर्टात, आरोपीच्या बाजूने उभी राहू लागले. सर भेटायचे. नमस्कार मी करत नसे.

आबांनी कोर्टातून आल्यावर पुन्हा कुठेच सही केली नाही. पगाराच्या दिवशी त्यांनी शाईचं पॅड मागून घेतलं. पगार वाटणारा बाबू म्हणाला, "अहो, तुम्हाला तर सही येते ना?"

"येत हुती," आबा म्हणाले आणि अंगठा टेकला. रिटायर होईपर्यंत अंगठाच. घरात त्यांच्या अंगठ्याचा निळा डाग बघितला की मला माझी पाटी आठवायची. मी एकदा म्हटलं, आबा, आता करा सही, मी वाचून दाखवते कागद. ते नको म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही, कारण हवालदार येऊन गेला तेव्हा मी खाली बघितलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही आठवत होतं.

आता मी खाली बघत नाही. पंचनामा हातात आला की मी तो खालून वाचते. आधी तिसरी सही. नाव, हुद्दा, ठाणे. ते मी कोर्टात मोठ्याने वाचते, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि पंचाला हात लावायच्या आधी त्या सहीवाल्याला जाब विचारायची तयारी करते. मॅजिस्ट्रेट वैतागतात. बाररूममधले वकील म्हणतात, बाई डोक्यावर पडलीय, पोलिसांशी वाकडं घेऊन कुणी फौजदारी वकिली करतं का? मी करते.

आणि तो पिंजऱ्यात चढताना कुणी म्हणालं, साहेबांना खुर्ची द्या, तर मी उठते. माझी पहिली हरकत तिथेच असते.